आवाज बदलला की थांबायचं

पार्सल आलं तेव्हा बाबा खिडकीशी बसून समोरच्या घरातला माणूस बर्फ कसा उपसतोय ते बघत होते. मिशिगनमधली त्यांची ती पहिली जानेवारी. मी पुठ्ठ्याचा चपटा चौकोनी खोका आत घेतला आणि ओट्यावर ठेवला.

"काय मागवलंस?"

"रेकॉर्ड."

"म्हणजे पूर्वी एचएमव्हीची असायची तसली?"

"तसलीच."

खोका फोडला. आत काळं पाकीट, मध्यभागी गोल भोक, त्या भोकातून दिसणारा कागदी शिक्का. शिक्क्यावर लेबलचं, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचं, नाव आणि एक क्रमांक. बाबांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. मागची बाजूही काळीच.

"फोटो नाही कुणाचा. गाणाऱ्याचं नाव?"

"गाणारं कुणी नाही यात."

"मग वाजवणाऱ्याचं तरी?"

मी काय सांगावं याचा विचार करत असताना त्यांनी तबकडी बाहेर काढली होती. दोन्ही तळव्यांत, कडेला धरून, पृष्ठभागाला बोट न लावता. रेकॉर्ड कशी धरायची हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. पण चिंचवडच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या विभागात, एकतीस वर्षं काढलेला माणूस तयार जॉब, म्हणजे प्रेसमधून निघालेला सुटा भाग, कसा धरतो, ते मी लहानपणापासून बघत आले आहे. त्यांनी तबकडी डोळ्यांच्या रेषेत आडवी धरली, एक डोळा मिटला आणि ती वाकलीय का ते पाहिलं. मग अंगठ्याचं नख कडेवरून सावकाश फिरवलं.

"बर नाही कुठे. ट्रिमिंग चांगलं केलंय," ते म्हणाले. बर म्हणजे कापल्यावर कडेला राहणारा खरखरीत काठ.

मी या रेकॉर्डी दहा वर्षं जमवते आहे. त्यांच्याबद्दल खूप वाचलंय, खूप ऐकलंय. पण ही वस्तू प्रेसमधून निघालेला एक जॉब आहे, हे त्या क्षणापर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

लेबलचं नाव अंडरग्राउंड रेझिस्टन्स. टेक्नोचं, म्हणजे यंत्रांवर केलेल्या, एकसारख्या ठोक्याच्या नाचाच्या संगीताचं, लेबल. ऐकणारे नुसतं 'यू आर' म्हणतात. डेट्रॉइटमध्ये माइक बँक्स आणि जेफ मिल्स या दोघांनी १९९० च्या आसपास ते उभं केलं आणि लवकरच रॉबर्ट हूड त्यांना येऊन मिळाला. बँक्स स्टुडिओत वाजवणारा वादक. मिल्स स्थानिक रेडिओवर 'द विझर्ड' या नावाने रेकॉर्डी इतक्या वेगाने बदलायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, दोन-तीन माणसं बसली आहेत. तिघंही काळे, तिघंही याच शहरातले. सुरुवातीच्या रेकॉर्डींवर त्यांनी स्वतःची नावं मिरवली नाहीत. फोटो काढायची वेळ आली तर तोंडावर फडकं बांधलं. बँक्स पुढेही सहसा चेहरा दाखवायचं टाळत राहिला. कठीण शहराचं कठीण संगीत, असं त्यांचं ब्रीद होतं.

संगीताचा धंदा चेहऱ्यावर चालतो, आणि काळ्या वादकांचा चेहरा कोणी, कसा, किती किमतीला विकला याचा अमेरिकेत मोठा इतिहास आहे. तेव्हा चेहराच द्यायचा नाही. रेकॉर्ड स्वतः कापून घ्यायची, स्वतः छापून घ्यायची, स्वतः विकायची. १९९२ पासून 'सबमर्ज' नावाची स्वतःची वितरण व्यवस्था उभी केली, आणि डेट्रॉइटमधली इतर लहान लेबलंही तिच्यामार्फत जगभर जाऊ लागली. हे 'अंडरग्राउंड' त्या अर्थाने घ्यायचं. मालाची, यंत्राची आणि पैशाची साखळी आपल्या हातात ठेवणं. लपून बसण्याशी त्याचा संबंध फार थोडा.

बाबांनी हे सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "आमच्याही जॉबवर नाव नसायचं. टोकन नंबर असायचा." आणि थोडं थांबून, "पण आम्हाला कोणी विचारलं नव्हतं."

या वाक्यावर मी बरेच दिवस विचार करत होते.

माझं स्वतःचं काम गाड्यांमधले आवाज काढून टाकण्याचं. आमच्या क्षेत्रात त्याला एनव्हीएच (नॉइज, व्हायब्रेशन, हार्शनेस) म्हणतात. दार लावताना खडखड होते का, सीट कुरकुरते का, साठच्या वेगाला डॅशबोर्डमधून गुणगुण येते का, ते शोधायचं, मोजायचं आणि मारायचं. चाचणीच्या खोलीच्या भिंतींवर फोमची टोकदार पाचरं लावलेली असतात. आत गेलं की आपल्या रक्ताचा आवाज आपल्याला ऐकू येतो. पुण्यात तीन वर्षं हे काम केल्यावर २०११ मध्ये कंपनीने इकडे पाठवलं. इथे नोव्हाय, फार्मिंग्टन हिल्स, ट्रॉय या उपनगरांत मराठी माणूस भरपूर आहे. बहुतेक जण मोटारींच्या धंद्यातले, पिंपरी-चिंचवड किंवा चाकणमार्गे आलेले. गणपती होतो, दिवाळी अंक येतात, शनिवारी मराठी शाळा भरते. आणि डेट्रॉइट शहर पाऊण तासावर असूनही तिकडे जायचं नाही, असा एक अलिखित नियम होता. "तिकडे काय आहे बघायला?" असं मला पहिल्याच आठवड्यात एका घरी प्रेमाने सांगण्यात आलं होतं. पुढे २०१३ च्या जुलैमध्ये शहराने दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा तर तो नियम सगळ्यांना सिद्ध झाल्यासारखाच वाटला.

मला तिकडे नेलं ते लॅबमधल्या एका टेक्निशियनने. डेट्रॉइटच्या पूर्व भागात वाढलेला, माझ्याहून वीस वर्षांनी मोठा. मी हेडफोन लावून एका गिअरबॉक्सचा आवाज पुन्हा पुन्हा ऐकत होते. तो म्हणाला, तुला इतक्या बारीक ऐकायची सवय आहे, तर मे महिन्यात माझ्याबरोबर हार्ट प्लाझाला चल. तिथे मेच्या शेवटच्या आठवड्यात दरवर्षी इलेक्ट्रॉनिक संगीताचा महोत्सव भरतो. पहिला २००० साली भरला तेव्हा प्रवेश फुकट होता. नदीकाठची ती फरसबंद जागा, समोर पाण्यापलीकडे कॅनडा, तोही दक्षिणेला. त्या रात्री माझ्या छातीच्या पिंजऱ्यात जो ठोका बसला तो मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात हर्ट्झमध्ये सांगू शकत होते. पण तो मारून टाकावा असं मला वाटलं नाही. हा माझ्यासाठी एकदम नवा अनुभव होता. आयुष्यभर ज्या कंपनांचा मी पाठलाग केला ती इथे कुणीतरी जपून, घासून, योग्य जागी बसवून ठेवली होती.

पुढे त्याच सहकाऱ्याने मला ईस्ट ग्रँड बुलेवार्डवर नेलं.

त्या एका रस्त्याबद्दल थोडं सांगायलाच हवं. ग्रँड बुलेवार्ड जुन्या डेट्रॉइटला कमानीसारखा वेढा घालतो. त्याच्या पश्चिम अंगाला, २६४८ क्रमांकाच्या घरात, बेरी गॉर्डीने मोटाऊन ही काळ्या गायकांची प्रसिद्ध रेकॉर्ड कंपनी वाढवली. १९५९ साली घरच्यांच्या सामाईक बचतीतून आठशे डॉलर उसने घेऊन त्याने सुरुवात केली. त्याआधी तो लिंकन-मर्क्युरीच्या असेंब्ली लाइनवर कामाला होता. कच्ची चौकट एका टोकाला आत जाते आणि दुसऱ्या टोकाला चकचकीत गाडी बाहेर पडते, हे त्याने तिथे पाहिलं आणि गाणीही तशीच करायची ठरवली. मोटाऊनमध्ये दर गाण्यासाठी गुणवत्ता तपासणीची बैठक बसायची. १९७२ मध्ये मोटाऊन लॉस एंजेलिसला निघून गेलं. रस्त्याच्या पूर्व अंगाला पॅकार्डचा कारखाना. अल्बर्ट कान या वास्तुकाराने विसाव्या शतकाच्या आरंभी उभारलेला, पस्तीस लाख चौरस फुटांचा. पॅकार्डचं मोटारींचं उत्पादन १९५० च्या दशकात तिथून गेलं आणि तो अवाढव्य सांगाडा पुढे कितीतरी वर्षं उभा राहिला, काचा फुटलेला, छपरावर झाडं उगवलेला. पाडायला सुरुवात झाली ती २०२२ मध्ये. १९५० साली साडेअठरा लाखांचं असलेलं हे शहर २०१० च्या जनगणनेत सात लाखांच्या थोडं वर उरलं होतं.

आणि या दोन्हींच्या मध्ये, क्रमांक ३००० मध्ये, यू आर. दगडी दर्शनी भिंतीची साधी इमारत. एकेकाळी ती लॉन्ड्री कामगारांच्या युनियनची होती. बाहेर पाटीचा डामडौल नाही. आधी कळवून गेलं तर आतलं छोटं संग्रहालय बघता येतं. जुनी ड्रम मशीनं, सिंथेसायझर, रेकॉर्डी, कात्रणं. खाली तळघरात रेकॉर्डींचं दुकान. मी पहिली रेकॉर्ड तिथे घेतली. माझ्याकडे तेव्हा ती वाजवायला यंत्रही नव्हतं.

तिथल्या काचेमागची ती यंत्रं बघताना मला मुंबई आठवली, याचं कारण सांगते. यातली बरीचशी रोलँड या जपानी कंपनीची. टीबी ३०३ हे खरं म्हणजे गिटार वाजवणाऱ्याला बेसची साथ मिळावी म्हणून काढलेलं डबडं. कुणी फारसं घेतलं नाही, उत्पादन बंद पडलं, आणि सेकंडहँड बाजारात कवडीमोलाने मिळू लागलं तेव्हा शिकागो-डेट्रॉइटच्या पोरांच्या हाती लागलं. टीआर ९०९ या ड्रम मशीनचे तर साधारण दहा हजारच नग निघाले. याच ३०३ वर आणि रोलँडच्याच टीआर ८०८ या ड्रम मशीनवर १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून एचएमव्हीसाठी एक तबकडी केली. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे कलाकार ते. रेकॉर्ड तेव्हा कुणी उचलली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभर चर्चा झाली की हे संगीत तर मुंबईत आधीच जन्मलं होतं. मला तो दावा पटत नाही. ती तबकडी डेट्रॉइटला कुणी ऐकली नव्हती, तिच्यापासून पुढे काही फुटलं नाही. मला त्यात मोलाचं वाटतं ते वेगळंच: एकटा वाजवणारा, समोर नवं यंत्र, आणि ते यंत्र बनवणाऱ्याच्या मनात नव्हतं ते त्याच्याकडून करून घेण्याची हौस. ती हौस एकाच काळात दोन शहरांत होती, एकमेकांना ठाऊक नसताना.

तर बाबा. मी रेकॉर्ड लावायला घेतली तशी ते म्हणाले, "थांब. आधी सांग, ही बनवतात कशी."

मला येतं तेवढं मी सांगितलं. अॅल्युमिनियमच्या थाळीवर लाखेसारख्या मऊ द्रव्याचा थर असतो. लेथवर ती थाळी फिरते आणि कापणारी सुई तिच्यात खोबण पाडते. आवाजाच्या लाटेप्रमाणे सुई थरथरते आणि खोबण वळते. "लेथ?" बाबांनी विचारलं. लेथच म्हणतात त्याला. डेट्रॉइटमध्ये रॉन मर्फी नावाचा माणूस होता, नॅशनल साउंड कॉर्पोरेशन हे त्याच्या दुकानाचं नाव. या शहरातल्या टेक्नोच्या पहिल्या पिढीच्या कितीतरी रेकॉर्डी त्याच्या हाताने कापलेल्या. ठोका जितका खोल आणि मोठा, तितकी खोबण रुंद लागते. जास्त रुंद झाली तर शेजारच्या खोबणीत घुसते, सुई उडते. कमी ठेवली तर नाचणाऱ्याच्या पायापर्यंत काही पोचत नाही. एका बाजूवर एकदोनच ट्रॅक ठेवायचे, म्हणजे खोबणीला अंग पसरायला जागा मिळते, हे गणित. मर्फी २००८ मध्ये गेला.

कापलेल्या थाळीवर चांदीचा पातळ थर देतात, मग निकेलच्या टाकीत टाकून त्यावर धातू चढवतात. तो धातू सोलून काढला की उलटा ठसा मिळतो, खोबणीच्या जागी उंचवटा. त्या पहिल्या ठशाला म्हणतात फादर. त्यावरून पुन्हा धातू चढवून काढतात ती मदर. आणि मदरवरून उतरतो तो स्टँपर. स्टँपर प्रेसला लावायचा.

"स्टँपर म्हणजे डाय," बाबा म्हणाले.

"हो. डाय."

"आणि फादर प्रेसला लावत नाहीत."

"नाही. तो जपून ठेवतात."

ते हसले. मग विचारलं, प्रेस किती टनाचा? मी म्हटलं, शंभरच्या आसपास. पीव्हीसीचा गरम गोळा, दोन्ही बाजूंना कागदी शिक्के, वरखाली स्टँपर, वाफेने तापवायचं, दाबायचं, पाण्याने गार करायचं. अर्ध्या मिनिटात एक नग. कडेला बाहेर आलेला माल कापून टाकायचा. हजारेक नग निघाले की स्टँपर झिजतो. डेट्रॉइटमध्ये आर्चर नावाचा असा एक कारखाना आहे, १९६५ पासून एकाच कुटुंबाकडे. पूर्वेकडच्या डेव्हिसन रस्त्यावर, बाहेरून बघाल तर एखादं गॅरेज वाटेल. या शहरातल्या टेक्नोच्या असंख्य तबकड्या तिथे दाबल्या गेल्या. मोटारींचे कारखाने एकेक करून गेले आणि हे छोटं प्रेस शॉप राहिलं, ते पुष्कळ अंशी या बिनचेहऱ्याच्या पोरांच्या ऑर्डरींवर.

"शंभर टन म्हणजे आमच्याकडे लहान प्रेस," बाबा म्हणाले. "मी अडीचशेवर होतो."

ते मूळचे कोरेगावकडचे. १९७४ मध्ये चिंचवडला आले, १९७७ मध्ये प्रेस शॉपला लागले, २००८ मध्ये व्हीआरएस घेतली. कानाला लावायचे बोळे त्यांना पहिल्यांदा मिळाले तेव्हा मी सातवीत होते. तोपर्यंत जे व्हायचं ते झालं होतं. त्यांचा ऑडिओग्राम मी पहिल्यांदा पाहिला तो इंजिनिअर झाल्यावर. चार हजार हर्ट्झपाशी खोल खड्डा आणि त्यापुढे रेषा खालीच. कारखान्यातल्या आवाजाने गेलेल्या कानाची ही खूण पुस्तकात असते तशी. त्यांना बोलणं ऐकू येतं, पण 'स' आणि 'श' निसटतात. पाखरं ऐकू येत नाहीत. कुकरची शिट्टी ऐकू येते, पण ती चहाच्या गाळणीतून आल्यासारखी लागते म्हणतात. कारखान्याच्या जागी आता चौदा मजली टॉवर आहेत. त्या बाजूने जाताना ते कधी मान वळवत नाहीत.

मी सुई टेकवली.

ठोका सुरू झाला. सेकंदाला दोनाहून थोडे जास्त. बाबांनी कानातलं यंत्र काढून शर्टाच्या खिशात ठेवलं, उठून स्पीकरपाशी गेले आणि त्याच्या लाकडी अंगावर पालथा हात ठेवला. मला एकदम कळलं की यातलं अर्धं त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीये. वर जी झांजेची बारीक किणकिण चालू होती ती नाही. मागून चढत येणारे स्वर, ज्यांच्यासाठी मी ही रेकॉर्ड मागवली होती, त्यांची फक्त सावली. राहिला तो ठोका आणि त्याच्या पोटातला बेस.

"एकसारखं वाजतंय," ते म्हणाले.

मला वाटलं तक्रार आहे. आई फोनवर ऐकून नेहमी म्हणते, काय गं तेच तेच. मी सावरासावर करणार तेवढ्यात ते म्हणाले, "बरंय. एकसारखं वाजलं की कान मोकळा राहतो."

"म्हणजे?"

"प्रेस नीट चालला की त्याचा आवाज आम्हाला ऐकूच यायचा नाही. आठ तास समोर उभं राहून. पण डायमध्ये स्क्रॅप अडकलं, पंचाची धार गेली, शीट थोडी जाड आली, की आवाज बदलायचा. एवढासाच. शेजारच्याला कळायचं नाही, आपल्याला कळायचं. आवाज बदलला की थांबायचं. पेडलवरून पाय काढायचा, मग बघायचं काय झालंय ते. नवीन पोरांना मी पहिल्या दिवशी हेच सांगायचो. बघू नको, ऐक."

आणि हात स्पीकरवरच ठेवून ते उभे राहिले. दीडएक मिनिट गेलं असेल. एका क्षणी त्यांनी दुसरा हात वर केला, पंजा उघडा, वर्गात पोरं करतात तसा.

"आता बदललं."

मला काही कळलं नव्हतं. मी सुई उचलून मागे घेतली आणि पुन्हा लावली. तिसऱ्या वेळी सापडलं. बेसच्या चार स्वरांतला शेवटचा एक स्वर किंचित आखूड झाला होता. संपूर्ण ट्रॅकचा तोल त्याने हळूच पुढे झुकवला होता आणि मागून जे स्वर येणार होते त्यांना वाट करून दिली होती. माझा कान ती किणकिण ऐकण्यात गुंतला होता. ज्याला किणकिण ऐकू येत नाही त्याने तो बदल तळहाताने पकडला.

मी वर्षानुवर्षं लोकांना सांगत आले होते की टेक्नो म्हणजे कारखान्याच्या आवाजाचं संगीत झालेलं. लेखांत, माहितीपटांत सगळीकडे हेच असतं. मी ते बाबांनाही सांगितलं. त्यांनी मान हलवली. कारखान्यात असं काही वाजत नाही, म्हणाले. पन्नास मशीनं असतात, प्रत्येकाची चाल निराळी, कुणाचा कुणाशी मेळ नाही. आणि त्यांचं बरोबर आहे. या संगीताची पहिली तीन नावं, हुआन अॅटकिन्स, डेरिक मे, केविन सॉन्डरसन, ही डेट्रॉइटबाहेरच्या बेलव्हिल नावाच्या गावातल्या शाळेत जाणारी मुलं. ती प्रेससमोर कधी उभी राहिली नव्हती. रात्री रेडिओवर 'इलेक्ट्रिफाइंग मोजो' नावाचा निवेदक एकाच कार्यक्रमात जर्मनीचा क्राफ्टवेर्क आणि इथला फंकाडेलिक हे बँड लावायचा, ते ऐकत ती मोठी झाली. अॅटकिन्सने १९८५ मध्ये मेट्रोप्लेक्स हे स्वतःचं लेबल काढलं तोवर शहरातले कितीतरी प्रेस गप्प झाले होते. कारखान्याची नक्कल करायला कारखाना कुठे उरला होता? कारखान्यातून या संगीतात काही आलं असेल तर ती ऐकण्याची रीत. एकसारखेपणाला घाबरायचं नाही, त्यात उभं राहायचं, आणि एवढासा फरक पडला की सगळ्या अंगाने तो टिपायचा.

त्या संध्याकाळी मग मी कपाटातून एकेक रेकॉर्ड काढत गेले. जेफ मिल्स १९९२ मध्ये यू आर सोडून गेला आणि त्याने अॅक्सिस नावाचं आपलं लेबल काढलं. १९९४ च्या त्याच्या एका रेकॉर्डीवर एका बाजूला आठ बंद खोबणी आहेत. नेहमीची खोबण आत आत सरकत जाते, ही स्वतःलाच येऊन मिळते. सुई ठेवली की तीच फेरी, तुम्ही उचलेपर्यंत. बाबांना ते फार आवडलं. मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्या, म्हणजे एका फेरीला एक पूर्णांक आठ दशांश सेकंद. त्यात चार ठोके बसवले तर मिनिटाला एकशे तेहतीस आणि वर थोडे. गणित त्यांनी पाठकोऱ्या कागदावर मांडून घेतलं. "एका फेरीत चार स्ट्रोक," म्हणाले, आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

मग मी 'जॅग्वार' लावलं. १९९९ ची रेकॉर्ड, क्रमांक यू आर ०४९, डीजे रोलँडो या मेक्सिकन वंशाच्या, डेट्रॉइटच्याच मुलाची. तारवाद्यांसारखे स्वर उड्या मारत येतात आणि छातीत काहीतरी उघडतं. ती गाजली तेव्हा एका बलाढ्य रेकॉर्ड कंपनीच्या जर्मन शाखेने परवाना मागितला. लेबलने दिला नाही. तर त्यांनी दुसऱ्याकडून हुबेहूब तशीच बनवून घेतली आणि बाजारात आणायला निघाले. कायद्यात बसत असेलही. जगभरातल्या ऐकणाऱ्यांनी त्या कंपनीला पत्रांनी, ईमेलींनी भंडावून सोडलं आणि शेवटी तिने अंग काढून घेतलं. लेबलने उत्तर म्हणून नवी रेकॉर्डच काढली. जेफ मिल्स आणि डेरिक मे यांनी त्याच रचनेला नव्याने हात लावला. युनियनचे जुने सभासद असलेल्या बाबांनी यातलं एकच विचारलं: "सगळे एकत्र राहिले का?" राहिले, मी म्हटलं.

या लेबलभोवतीच्या संगीतातला एक धागा मात्र मी त्यांना त्या दिवशी सांगितला नाही, कारण तो मला स्वतःला अजून नीट पेलत नाही. ड्रेक्सिया. जेम्स स्टिन्सन आणि जेराल्ड डोनल्ड, दोघंच, पण कित्येक वर्षं ते कोण हे कुणाला माहीत नव्हतं. १९९७ च्या त्यांच्या एका संग्रहाबरोबर छापलेली कहाणी अशी: आफ्रिकेतून गुलामांना घेऊन येणाऱ्या जहाजांवरून ज्या गर्भवती बायकांना समुद्रात फेकलं, त्यांची बाळं पाण्यातच जन्मली. पोटात असताना पाण्यातच श्वास घेत होती, बाहेरही तसाच घेऊ लागली. समुद्राच्या तळाशी त्यांचं एक राष्ट्र आहे. हे संगीत तिकडून येतं. स्टिन्सन २००२ मध्ये गेला, जेमतेम तिशी ओलांडलेला. काळे आणि गोरे यांच्यातली सीमा मानला गेलेला एट माइल रोड मी शहरात जाताना ओलांडते, तेव्हा पुष्कळदा ते संगीत गाडीत चालू असतं. शब्द नाहीत त्यात. गाडीचा केबिन आतून किती शांत आहे हे मला आकड्यात माहीत असतं, कारण ती शांतता बनवण्यात माझा हात आहे. त्या शांततेत ते पाण्याखालचे बुडबुडे ऐकताना मला बोलायला काही सुचत नाही.

जेवणं झाली. बाहेर पुन्हा बर्फ सुरू झाला होता. बाबा टेबलाशी बसून नव्वदच्या दशकातली एक जुनी रेकॉर्ड बघत होते. मधल्या शिक्क्याभोवती, खोबणी संपतात तिथे, बोटभर रुंदीचा गुळगुळीत पट्टा असतो. वाजणारं काही त्यात नसतं. ते तबकडी दिव्याखाली तिरकी करत होते, परत सरळ करत होते.

"इथे काहीतरी खरवडलंय," ते म्हणाले.

"कापणारा माणूस लिहितो तिथे. हाताने. कधी रेकॉर्डचा नंबर, कधी एखादा निरोप. खोबण कापून झाल्यावर."

"डायवर?"

"मूळ थाळीवर. मग ते प्रत्येक नगावर उतरतं."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या डायला खाली क्लँप बसायचा. तिथे कुणी बघत नाही. मी स्क्रायबरने एक खूण करून ठेवायचो. डाय रिपेअरला गेली, सहा महिन्यांनी परत आली, तरी हात घातला की कळायचं, आपली आहे."

"कसली खूण?"

"खूण," ते म्हणाले. "भिंग आहे का घरात?"

होतं. लॅबमधून आणलेलं, दहापट मोठं दाखवणारं. मी दिवा जवळ ओढला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, भिंग डोळ्याला लावलं आणि तबकडी इतकी जवळ धरली की श्वासाने तिच्यावर धुकं धरलं. सदऱ्याच्या टोकाने त्यांनी ते हलकेच टिपलं.

"एन," ते वाचू लागले. "एस... सी."

मग त्यांनी रेकॉर्ड उलटी केली आणि दुसऱ्या बाजूला भिंग लावलं.